इंदुरात उघड्यावर काही पेटवण्याआधी: कशाला परवानगी लागते आणि कशाला ती मिळतच नाही

माघ सरत आला की सुदामा नगर, टिळक नगर, वैशाली नगर अशा वसाहतींच्या ग्रुपवर तोच प्रश्न पुन्हा येतो: "बागेत पाला फार साठलाय, जाळायचाय. परवानगी झोनवर मिळेल की थान्यात?" (झोन म्हणजे नगर निगमचे, महापालिकेचे, विभाग कार्यालय; थाना म्हणजे पोलीस ठाणे.) उत्तरेही ठरलेली. कोणी म्हणते झोनवर जा, कोणी म्हणते आपल्या कंपाउंडात जाळा, कोण विचारतो. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. कचरा जाळण्याची परवानगी असा प्रकारच नाही, त्यामुळे ती कुठल्याही खिडकीवर मिळणार नाही. होळीसाठी मात्र आधी कळवावे लागते, आणि नेमके तिथेच लोक "दरवर्षीचीच तर आहे" म्हणून काही करत नाहीत. म्हणजे जिथे अर्ज चालत नाही तिथे अर्ज, आणि जिथे हवा तिथे नाही. हा गोंधळ मिटावा म्हणून क्रमाने लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा आहे, पायरी गाळू नका.

## 1. तुमची आग कोणत्या जातीची, ते आधी ठरवा

काडेपेटी हातात घेण्याआधी ठरवायची गोष्ट एकच: जे जळणार आहे ते इंधन आहे की कचरा?

कचरा म्हणजे नको असलेली वस्तू: वाळलेला पाला, छाटलेल्या फांद्या, जुने प्लायवुड, थर्माकोल, फाटक्या गाद्या, दुकानातले खोके. यातले काहीही उघड्यावर जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 च्या आदेशात जमिनीवर उघड्यावर कचरा जाळण्यास पूर्ण मनाई केली. साध्या घटनेला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये, असा दंडही त्यातच ठरवून दिला.

"आपल्या कंपाउंडात चालते" हा समज कुठून आला, तेही सांगायला हवे. 2016 च्या घनकचरा नियमांत कचरा रस्त्यावर, नाल्यात किंवा आपल्या जागेबाहेरच्या मोकळ्या सार्वजनिक जागेत टाकू, जाळू वा पुरू नये, असे वाक्य होते. लोकांनी "जागेबाहेर" एवढेच धरले. लवादाच्या आदेशात ही पळवाट उरत नाही. जमीन तुमच्या नावाची आहे म्हणून धूर भिंतीशी थांबत नाही.

इंधन म्हणजे मुद्दाम त्या कामासाठी आणलेले, कोरडे आणि स्वच्छ: होळीचे कंडे (शेणाच्या गोवऱ्या), हवनाची समिधा, बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) भाजायच्या गोवऱ्या. अशी आग सरसकट बंद नाही, पण जागा आणि वेळ यांची बंधने तिला आहेत.

तिसरी जात शेतातल्या नरवाईची, म्हणजे कापणीनंतर उभ्या राहणाऱ्या देठांची. तिचा कायदा वेगळा आणि दंडही वेगळा. ते सहाव्या टप्प्यात.

तपासा: ढिगात एक जरी रंगवलेली फळी, सनमायका किंवा प्लास्टिकची पिशवी असेल, तर ती होळी उरत नाही, ते कचरा जाळणे होते. "थोडेसेच तर आहे" या सबबीला अर्थ नाही.

## 2. पाला जाळायचा नाही, मग करायचे काय

हा टप्पा कंटाळवाणा वाटेल, पण सर्वांत जास्त दंड आणि सर्वांत जास्त भांडणे इथेच होतात.

पाला थोडा असेल तर ओल्या कचऱ्याबरोबर सकाळच्या गाडीत द्या. आपल्या गाडीत कप्पे वेगळे असतात, म्हणून पाला प्लास्टिकच्या थैलीत बांधून देऊ नका. डब्यातून सरळ ओता. थैलीबंद पाला गाडीवाला घेत नाही, मग तो कोपऱ्यावर पडतो आणि रात्री कोणीतरी त्याला काडी लावतो.

फांद्यांचा मोठा ढीग असेल तर क्रम असा ठेवा.

पहिले, छाटणी करायच्या आधी इंदौर 311 ॲपवर किंवा झोन कार्यालयात उचलण्याची मागणी नोंदवा. लोक आधी फांद्या पाडतात, मग गाडी शोधतात, आणि चार दिवसांत ढीग वाळून पेटायला तयार होतो.

दुसरे, शुल्क किती हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या. मोठ्या हिरव्या कचऱ्याची वाट घरच्या गाडीपेक्षा वेगळी असते. बिचोली हप्सीला या कचऱ्याच्या पेलेट (जळणाच्या दाबलेल्या कांड्या) बनवण्याचा प्रकल्प आहे. तिकडे जाणाऱ्या मालात माती, दगड आणि प्लास्टिक नको.

तिसरे, नोंदणीचा क्रमांक आणि ढिगाचा फोटो जपून ठेवा. पुढे कोणी दुसऱ्यानेच तो ढीग पेटवला, तर तुम्ही उचलायला सांगितले होते याचा तेवढाच पुरावा.

आणि माळी! हे फार महत्त्वाचे. निम्म्या वेळा मालकाला काही माहीत नसते. माळी काम आटोपायच्या घाईत कोपऱ्यात पेटवून मोकळा होतो. त्याला कामावर ठेवतानाच स्पष्ट सांगा, आणि पाला ठेवायची जागाही दाखवा. जागा दाखवली नाही तर तो जाळणारच, त्यात त्याचा दोष नाही.

जागा असेल तर खत करा. जाळीचा गोल पिंजरा उभा करा, तीनेक फूट रुंद. पाल्याचा वीतभर थर, त्यावर पातळ शेणकाल्याचा किंवा आंबट ताकाच्या पाण्याचा शिडकावा, पुन्हा पाला. ओल बरोबर आहे का हे मुठीने बघायचे. मूठभर पाला दाबला की तळवा ओला व्हायला हवा, पण थेंब गळता कामा नये. थेंब गळला तर कोरडा पाला मिसळा, मूठ सुकीच राहिली तर पाणी मारा. कडुनिंब, गुलमोहर यांची बारीक पाने लवकर कुजतात. आंबा, पिंपळ यांची पाने आधी तुडवून किंवा कापून घाला, नाहीतर पावसाळा आला तरी ती तशीच चिवट राहतात.

सावधान: दहिवराने ओलसर झालेला पाला ज्वाळा धरत नाही, नुसता धुमसतो. अशा अर्धवट जळण्यातूनच बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतात. म्हणून "ज्वाळाच नव्हती, नुसता धूर होता" हे सांगून सुटका होत नाही. उलट तीच वाईट आग.

## 3. होळी: अर्ज आणि जागा, होळीच्या तीन आठवडे आधी

आधी आदेश बघा. सणांच्या आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली मनाई आदेश निघतात. पूर्वीचे कलम 144 ते हेच. इंदुरात डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय आहे. त्यामुळे पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकारी, दोघांचेही आदेश बघावे लागतात. असा आदेश सहसा दोन महिन्यांच्या वर चालत नाही. गेल्या वर्षीची प्रत जपून ठेवलेली असते आणि मंडळी तीच दाखवतात. तिचा काही उपयोग नाही. या वर्षीचा आदेश वाचा.

मग थाना. आपल्या हद्दीच्या थान्यात हिंदीत एक पानी अर्ज द्या. त्यात एवढेच हवे: होळीची नेमकी जागा आणि जवळची खूण, ही जागा किती वर्षांची आहे, पेटवण्याची वेळ, अंदाजे किती लोक येतील, आणि दोन जबाबदार माणसांची नावे व फोन नंबर. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. सणाआधी थान्यावर शांतता समितीची बैठक होते, तिला वसाहतीतून एकाने तरी जावेच. जागा नवी असेल तर तिथेच विषय निघतो आणि तिथेच सुटतो. ऐन संध्याकाळी नव्या चौकात होळी रचून मग पोलिसांशी वाद घालायची वेळ येते, ती याच बैठकीला कोणी न गेल्यामुळे.

मग झोन. होळी रस्त्यावर किंवा निगमच्या बागेत असेल तर झोन कार्यालयाला लेखी कळवा. खाली घालायची माती किंवा वाळू, दुसऱ्या दिवशीची सफाई, दोन्ही गोष्टी त्यात मागा. बागेत असेल तर आधी विचारा, नुसते कळवून भागत नाही.

ध्वनिक्षेपक वेगळा. होळीच्या अर्जात भोंग्याची परवानगी येत नाही. मध्य प्रदेशात त्यासाठी 1985 चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे आणि रात्री 10 ते सकाळी 6 ही शांततेची वेळ देशभर लागू आहे. यात एक गफलत नेहमी होते. भद्रा (पंचांगातला अशुभ मानलेला काळ) असली की होळीचा मुहूर्त रात्री उशिरा येतो. दहानंतरचा मुहूर्त असेल तर आरती, मंत्र सगळे तोंडाने म्हणायचे. परीक्षांचे दिवस असतात, शेजारच्या घरात दहावी-बारावीचे पोर अभ्यासाला बसलेले असते, हे कायद्याशिवायही लक्षात असावे.

जागेची पाहणी दिवसाउजेडी, दोघांनी मिळून करा. वर बघा, खाली बघा, चारी बाजूंना बघा.

वर: विजेची तार, इंटरनेटची लोंबती केबल, झाडाची फांदी, पताकांची दोरी. यातले काहीही डोक्यावर असेल तर जागा बदला. "आपली होळी बुटकी आहे" हे चालत नाही. ज्वाळा ढिगाच्या दुप्पट-तिप्पट चढते.

खाली: अनेक वसाहतींत आता घरगुती गॅसची पाइपलाइन गेलेली आहे. रस्त्याच्या कडेला तिच्या खुणेचे खांब आणि फरशा दिसतात. त्या ओळीवर होळी नको. गटाराच्या झाकणाजवळही नको.

बाजूला: रोहित्र, उभ्या गाड्या, मंडप, प्लास्टिकची छपरे. होळीच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतर सगळीकडून मोकळे ठेवा. गाड्या हलवायला त्याच संध्याकाळी सांगू नका. मालक बाहेरगावी असतो, किल्ली सापडत नाही. आदल्या दिवशी दारात जाऊन सांगा.

तपासा: पोच असलेली अर्जाची प्रत, या वर्षीचा आदेश, भोंग्याची परवानगी (लावणार असाल तर). तीनही कागदांचे फोटो दोघांच्या फोनमध्ये हवेत.

## 4. होळी: रचणे, पेटवणे, विझवणे

डांबरी रस्त्यावर थेट होळी लावली की डांबर वितळते आणि पावसाळ्यात तिथेच खड्डा पडतो. सिमेंटच्या रस्त्याला काही होत नाही असे लोक समजतात, तेही खरे नाही. तापलेल्या काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. म्हणून खाली विटांचा एक थर आणि त्यावर वीतभर माती किंवा वाळू, होळीच्या घेरापेक्षा दोन फूट जास्त रुंद पसरा.

जळण कंड्यांचेच असावे. कंडा घेताना मोडून बघा. वाळलेला कंडा कटकन तुटतो आणि आत-बाहेर एकाच फिकट रंगाचा असतो. ओला कंडा वाकतो, मध्ये काळपट दिसतो आणि हाताला गार लागतो. असे कंडे पेटत नाहीत, मग कोणीतरी रॉकेल किंवा पेट्रोल आणतो, आणि अपघात होतात ते तिथेच. पेट्रोलची वाफ काडी टेकण्याआधीच पेट घेते. कापूर, तूप आणि कोरडे गवत एवढे पुरते.

मधल्या दांड्यासाठी एरंड घ्या. कॉलनीतले झाड तोडू नका. शहरी हद्दीत झाड तोडण्यासाठी 2001 च्या वृक्ष परिरक्षण अधिनियमाखाली परवानगी लागते. होळीसाठी तोडले म्हणून त्यातून सूट नाही.

रचताना कंडे उभे-आडवे ठेवून आत हवा खेळू द्या, आणि वाऱ्याच्या बाजूला हातभर तोंड मोकळे सोडा. उंची चार-साडेचार फुटांच्या वर नेऊ नका. उंच होळी एका अंगाला कोसळते.

रचून झाली की तिला एकटी सोडू नका. रात्री पोरे उत्साहाने काय काय आणून टाकतात: टायर, खुर्ची, जुना सोफा. पेटवायच्या आधी ढीग हाताने चाळून बघा. आत मांजर किंवा कुत्र्याची पिल्ले शिरलेली असू शकतात, हेही त्याच वेळी बघा.

नैवेद्याचे वेगळे सांगतो, कारण आपल्या बायका-मुली भक्तीने येतात आणि त्यांना कोणी काही सांगत नाही. पुरणपोळी पानावर येते, पण नारळ आणि हार पिशवीत येतात, आणि पुष्कळदा पिशवीसकट आगीत जातात. होळीच्या अलीकडे एक टोपली आणि एक माणूस ठेवा. पिशव्या, प्लास्टिकचे अस्तर असलेले कागदी कप, हारातली जरी, सगळे टोपलीत. नुसते फलक लावून हे होत नाही, माणूसच उभा लागतो.

पेटवण्याआधी पाण्याचे दोन भरलेले ड्रम आणि वाळूच्या बादल्या जागेवर हव्यात. जवळच्या घराची नळी जोडून, पाणी येते का ते सोडून बघा. सुती कपडे, बांधलेली ओढणी, लहान मुले दोरीच्या बाहेर. वारा जोराचा असेल तर थांबा. मुहूर्तात मागेपुढे व्हायला जागा असते, भुरभुर उडणाऱ्या ठिणग्यांना नसते.

सावधान: आग विजेच्या तारेपर्यंत गेली तर पाणी मारू नका. सगळ्यांना मागे घ्या आणि पुरवठा बंद करायला 1912 वर वीज कंपनीला कळवा. आग हाताबाहेर गेली तर 101 किंवा 112. कोणी भाजले तर भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते साधे पाणी, टूथपेस्ट किंवा शाई नाही. 108 बोलवा.

राख हा शेवटचा आणि नेहमी विसरला जाणारा भाग. कंड्याचा निखारा राखेखाली दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. धुळवडीच्या सकाळी ती राख तशीच कचरागाडीत टाकली तर गाडीतला सुका कचरा पेट घेऊ शकतो. आधी फावड्याने राख पसरा, पाणी मारा, पुन्हा ढवळा, पुन्हा पाणी. हाताची पाठ वर धरून ऊब लागत नाही असे झाले की मगच भरा. कपाळी लावायची राख घरी न्यायची असेल तर धातूच्या डब्यात. उरलेली झाडांना चालते, पण एकाच बुंध्याशी ढीग नको. नाल्यात मुळीच नको, ती कान्ह नदीत जाते.

## 5. शेकोटी आणि दाल-बाफल्यांची सहल

थंडीत चौकीदार रात्रभर जे मिळेल ते जाळतो: खोकी, पाणी पिऊन टाकलेल्या बाटल्या, टायरचा तुकडा. त्याला रागावून उपयोग नाही, थंडी त्याला वाजते. सोसायटीने त्याच्या केबिनला विजेचा हीटर आणि बंद होणारे दार द्यावे. मला विचाराल तर दंडाच्या पावतीपेक्षा हे स्वस्त पडते, आणि माणुसकीचेही आहे. केबिन बंद असेल तर आत शेगडी पेटवू देऊ नका. बंद खोलीत कोळशाच्या धुराने माणूस झोपेतच जातो.

सहलीचे मात्र नीट वाचा. पाऊस पडला की आपण गोवऱ्या गाडीत घालून चोरल, तिंछा, पातालपानीकडे निघतो. खाजगी शेतावर, मालकाला विचारून, मोकळ्या जागेत गोवऱ्या लावल्या तर हरकत नाही. जंगलाच्या जमिनीवर नाही. राखीव वनात आग लावणे किंवा पेटती ठेवून जाणे 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 खाली गुन्हा आहे. रालामंडल तर अभयारण्य आहे, तिथे 1972 चा वन्यजीव कायदाही लागतो. जागा वन विभागाची आहे का, हे गेटवरच्या किंवा वनचौकीवरच्या माणसाला आधी विचारा. बाफले घरून उकडून-भाजून नेले तरी सहल तेवढीच छान होते.

## 6. नरवाई: सांवेर, देपालपूर, महूकडे जमीन असलेल्यांसाठी

इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांची थोडीफार जमीन बटाईने (पिकातल्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला) दिलेली असते आणि मालक शहरात राहतो. गहू हार्वेस्टरने निघाला की देठ उभे राहतात आणि बटाईदार मूग पेरायच्या घाईत काडी लावतो.

राज्यात गहू आणि धानाची नरवाई जाळायला 1981 च्या वायू प्रदूषण कायद्याच्या कलम 19(5) खाली बंदी आहे. दर घटनेला दंड असा: दोन एकरांपेक्षा कमी जमीन असेल तर 2,500 रुपये, दोन ते पाच एकर 5,000, पाचच्या वर 15,000. शिवाय 1 मे 2025 पासून नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ आणि पुढच्या वर्षी हमीभावाची खरेदी, दोन्ही बंद करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. दंडापेक्षा हे जड आहे.

आग उपग्रहावर दिसते, मग पटवारी (तलाठी) शेतावर पंचनाम्याला येतो. तो आधी खसऱ्यावरचे (जमिनीच्या नोंदीतले) नाव बघणार, काडी कोणी लावली हे नंतर. म्हणून क्रम असा.

कापणीआधी बटाईदाराशी लेखी ठरवा: नरवाई जाळायची नाही, आणि देठ काढण्याचा खर्च कोणी किती द्यायचा. खर्चाचे न बोलता नुसती बंदी घातली तर ती पाळली जात नाही. हार्वेस्टर ठरवतानाच भुसा मशीनही ठरवा. दोन्ही एकाच आठवड्यात सगळ्यांना हवे असतात, मागाहून मिळत नाही. भुसा विकून मशीनचा बराचसा खर्च निघतो. भुसा नको असेल तर सुपर सीडरने देठ मातीत मिसळून पेरणी एकाच फेरीत होते.

तपासा: कापणीनंतरच्या दोन आठवड्यांत एकदा तरी शेतावर जा आणि फोटो काढा. शेजारच्या शेतातली आग आपल्याकडे येऊ नये म्हणून बांधालगत नांगराच्या दोन-तीन ओळी मारून मोकळी पट्टी करा. आग आलीच तर त्याच दिवशी पटवारी आणि थाना, दोन्हीकडे लेखी कळवा.

## 7. दुसरा कोणी जाळत असेल, किंवा तुम्हालाच दंड झाला तर

शेजारी जाळत असेल तर एकदा शांतपणे सांगा. त्याला बहुधा माहीतच नसते. ऐकले नाही तर 311 ॲपवर जागेवरूनच फोटोसह तक्रार करा, म्हणजे ठिकाण आपोआप नोंदले जाते. तक्रारीत कोणी जाळले यापेक्षा काय जळत आहे आणि किती वेळ, हे लिहा. आग पसरत असेल तर ॲप बाजूला ठेवा आणि सरळ 101 लावा. निष्काळजीपणाने आग हाताळून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेचे कलम 287 लागते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही बाब निगमची नाही, पोलिसांची आहे.

तुमच्या नावे दंड निघाला तर जागेवर हुज्जत घालू नका. पावतीवर चार गोष्टी बघा: जागा, तारीख-वेळ, काय जळत होते, आणि कोणत्या नियमाखाली. पैसे द्याल तर पावतीशिवाय देऊ नका. दंड चुकीने लागला असे वाटत असेल तर त्याच आठवड्यात झोन अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, सोबत 311 चा मागणी क्रमांक, ढिगाचे फोटो आणि माळ्याशी किंवा बटाईदाराशी ठरलेला कागद जोडा. अर्जाची पोच घ्या, आणि पुढच्या खेपेला विचारायला जाल तेव्हा तीच प्रत बरोबर न्या.